लंबक, तक्ता आणि वाक्य : विज्ञान व इंग्रजीचे एकत्र शिक्षण

महाराष्ट्रातल्या सेमी-इंग्रजी वर्गात विज्ञान आणि गणिताची पुस्तके इंग्रजीत असतात, बाकीचे विषय मराठीत. ही सोय पालकांच्या मागणीतून वाढली आणि ती मागणी रास्त आहे. अकरावीच्या विज्ञान शाखेपासून पुढे अभियांत्रिकी आणि वैद्यकापर्यंतचे शिक्षण बहुतेक इंग्रजीतच होते. तिथे गेल्यावर मूल बावचळू नये म्हणून शाळेतच सवय व्हावी, असे आईवडिलांना वाटते. प्रत्यक्ष वर्गात मात्र पुष्कळदा असे घडते की शिक्षक धडा मोठ्याने वाचतात, अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहितात, तोंडी खुलासा मराठीत करतात आणि शेवटी प्रश्नोत्तरे लिहून देतात. मुले ती पाठ करतात. परीक्षेत गुण मिळतात, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की वही बंद पडते. अशा तासाला विज्ञान शिकवले गेले असे म्हणता येत नाही आणि इंग्रजीही नाही.

हे दोन्ही विषय एकाच वेळी आणि खरोखर शिकवता येतात का, या प्रश्नाचे एक चांगले उत्तर शालेय कार्यशाळेत सापडते. इथे कार्यशाळा म्हणजे सलग दोन-तीन तासांचे सत्र. त्यात मुले चार-पाच जणांच्या गटात स्वतःच्या हाताने प्रयोग करतात आणि त्या प्रयोगाबद्दल बोलण्या-लिहिण्यासाठी लागेल तेवढे इंग्रजी तिथल्या तिथे वापरतात. समोरची वस्तूच बराचसा अर्थ सांगत असते, त्यामुळे भाषा तोकडी असली तरी संवाद अडत नाही. या पद्धतीचे सारे बळ एवढ्या एका गोष्टीत आहे.

मुलाची अडचण नेमकी कुठे असते, हे आधी पाहिले पाहिजे. विज्ञानातले पारिभाषिक शब्द अवघड असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ऑस्ट्रेलियात पॉल गार्डनर यांनी १९७०च्या दशकात आणि पुढे ब्रिटनमध्ये कॅसल्स व जॉन्स्टन यांनी केलेल्या अभ्यासांतून वेगळे चित्र दिसले. ‘फोटोसिंथेसिस’ किंवा ‘मॅग्नेट’ हे शब्द शिक्षक मुद्दाम समजावून सांगतात, मुलेही ते लक्षात ठेवतात. अडते ते कोणी समजावून न सांगितलेल्या साध्या शब्दांपाशी आणि वाक्ये जोडणाऱ्या शब्दांपाशी : देअरफोर, अनलेस, हाउएव्हर, व्हेअरॲज, रिस्पेक्टिव्हली. विज्ञानाचा युक्तिवाद या सांध्यांवरच उभा असतो. सांधा कळला नाही की सगळी नामे ओळखीची असूनही वाक्य हाती लागत नाही.

टोरांटोचे भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला भेदही इथे उपयोगी पडतो. गप्पागोष्टींची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. कॅनडात स्थलांतरित मुलांना पहिली सुमारे दोन वर्षांत येते, दुसरीत समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. ती मुले इंग्रजी बोलणाऱ्या देशात राहत होती. कोपरगाव किंवा कणकवलीच्या मुलाला शाळेबाहेर इंग्रजी कानावर पडते ते जाहिरातीत आणि मोबाइलवर. म्हणजे त्याच्याकडून पुस्तकी इंग्रजीची अपेक्षा होते ती बोलीच्या पायरीवाचून. कार्यशाळेत ही मधली पायरी घडवता येते.

पायरी न घडवता उडी मारली तर काय होते, याचा अनुभव मलेशियाने घेतला आहे. तिथल्या सरकारने २००३ पासून शाळांतून विज्ञान आणि गणित इंग्रजीत शिकवायला सुरुवात केली. शिक्षकांना लॅपटॉप दिले, प्रोजेक्टर दिले, तयार पाठांची सॉफ्टवेअर दिली. शिक्षकांचे इंग्रजी आणि ग्रामीण मुलांच्या कानावर पडणारे इंग्रजी यांत मात्र त्या सामग्रीने फारसा फरक पडला नाही. शहर आणि खेडे यांतल्या अंतराची तक्रार वाढत गेली. २००९ मध्ये धोरण मागे घेण्याचा निर्णय झाला आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्याने जुनी भाषा परत आली. सेमी-इंग्रजीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास नजरेसमोर ठेवायला हवा.

विषय आणि परभाषा हातात हात घालून शिकवण्याच्या पद्धतीला युरोपात १९९४ मध्ये डेव्हिड मार्श यांनी ‘क्लिल’ हे नाव दिले आणि ते रूढ झाले. भारतात मात्र तिचे दोन्ही धागे त्याआधीच कातले गेले होते, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. भाषेचा धागा दक्षिणेत. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि आसपासच्या साध्या शाळांत एक प्रकल्प चालवला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीतून सोडवायची कामे दिली : रेल्वेचे वेळापत्रक पाहून गाडी निवडा, नकाशावरून रस्ता सांगा, दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढा. डोके कामात गुंतले की भाषा तिच्या मागोमाग येते, ही त्यांची भूमिका. त्यातही ज्या कामात तर्क करावा लागतो ते सर्वांत उपयोगी, असे त्यांचे मत बनले. विज्ञानाचा प्रयोग हे तर्काचे काम नव्हे तर दुसरे काय?

विज्ञानाचा धागा मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात. होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवीच्या मुलांनी किटमधले साहित्य घेऊन प्रयोग करायचे आणि ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या निरीक्षणावरून लिहायची. ते पुस्तक बोलचालीच्या हिंदीत होते आणि परीक्षेत उघडून बघायला परवानगी होती. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो कार्यक्रम पुढे नेला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला, ही भारतीय शालेय शिक्षणाची मोठी हानी होय. मुंबईत १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी महापालिका शाळांतल्या मुलांबरोबर काम करत होते. मराठी माध्यमातसुद्धा विज्ञानात मागे पडण्याचे एक मोठे कारण पुस्तकाची भाषा आहे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. हा मुद्दा आज विसरला जातो. ‘आवर्तकाल’ आणि ‘दोलन’ हे शब्द मराठी मुलाच्या घरी बोलले जात नाहीत. विज्ञानाची भाषा त्याला मराठीतही शिकावीच लागते, आणि ती शिकवण्याची युक्ती एकदा साधली तर तीच इंग्रजीसाठीही कामी येते.

विज्ञानाची खेळणी घडवणारे अरविंद गुप्ता यांचे काम या दोन्ही धाग्यांना जवळ आणते. आयआयटी कानपूरचे हे अभियंते होशंगाबादच्या कार्यक्रमात गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबपासून त्यांनी भूमितीची त्रिमितीय रूपे उभी केली. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी घडवली आणि त्यांच्या छोट्या चित्रफिती अनेक भाषांत काढल्या. एकच खेळणे, एकच कृती, निवेदन आधी मराठीतून आणि मग इंग्रजीतून ऐकायचे : भाषाशिक्षकाला याहून चांगले साहित्य फुकट मिळणार नाही.

कार्यशाळा कशी चालते हे पाहण्यासाठी सातवी-आठवीच्या वर्गातला लंबकाचा प्रयोग घेऊ. साहित्य म्हणजे दोरा, सारख्या मापाचे काही लोखंडी नट, भिंतीतला किंवा दाराच्या चौकटीतला खिळा, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारे घड्याळ. प्रश्न एकच : लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ कशावर ठरतो?

सुरुवात मराठीत होते आणि ती मराठीतच व्हावी. प्रत्येक गट आपला अंदाज सांगतो. ‘जड नट लवकर परत येईल, त्याला जोर जास्त,’ असे बहुतेकांचे म्हणणे पडते. कोणी म्हणते, हलका लवकर येईल. कोणी दोऱ्याच्या लांबीचा मुद्दा काढतो. हा वाद रंगला पाहिजे, कारण पुढचा सगळा प्रयोग याच वादाचा निकाल लावण्यासाठी आहे. मुलांना तो इंग्रजीत घालायला लावला तर चार हुशार मुले बोलतील आणि बाकीची गप्प बसतील. शिक्षक अंदाज फळ्यावर लिहितात, आणि इथे इंग्रजीचे पहिले वाक्य येते : ‘वुई थिंक द हेवी नट विल कम बॅक सूनर.’ अर्थ मुलांचाच असल्याने वाक्य परके वाटत नाही.

मग कृती. सूचना इंग्रजीत, पण मोजक्याच सात-आठ क्रियापदांत : होल्ड, पुल, लेट गो, काउंट, स्टॉप, मेजर, राइट. शिक्षक करून दाखवतात, मुले ऐकून करतात. थोड्या वेळाने गटातलाच एक जण सूचना देतो आणि बाकीचे पाळतात. ‘डोन्ट पुश, लेट गो’ हे वाक्य या प्रयोगात दहा वेळा तरी उच्चारले जाते, कारण नट ढकलण्याचा मोह कोणालाच आवरत नाही.

दोन ठिकाणी मुले हमखास फसतात. नट सोडताच ‘वन’ म्हटले तर दहापर्यंत मोजूनही झोके नऊच भरतात. म्हणून सोडताना ‘झिरो’ म्हणायचे. दुसरी फसगत लांबीची. मुले फक्त दोरा मोजतात, पण लंबकाची लांबी खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत धरायची असते. वजन वाढवताना नट एकाखाली एक बांधले तर लांबीही नकळत बदलते आणि वजनामुळे वेळ बदलला असा खोटा निष्कर्ष निघतो. नट एकाच पातळीवर, घोसासारखे बांधायला हवेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, हा प्रायोगिक विज्ञानाचा मूळ नियम मुलांना इथे बोटांनी कळतो. त्याबरोबर ‘चेंज’ आणि ‘कीप द सेम’ ही जोडी पक्की होते, आणि पुढे पुस्तकात ‘व्हेरिएबल’ व ‘कॉन्स्टंट’ भेटले की ते शब्द ओळखीच्या जागी येऊन बसतात.

आकडे तक्त्यात मांडायचे. मथळे इंग्रजीत : लेंग्थ, वेट, टाइम फॉर टेन स्विंग्ज. लांबी २५ सेंटीमीटर असताना दहा झोक्यांना साधारण १० सेकंद लागतात, ५० सेंटीमीटरला १४ सेकंदांच्या आसपास, आणि १०० सेंटीमीटरला २०. एका नटाऐवजी तीन नट लावले तरी आकडा जवळपास तोच. लांबी दुप्पट केली की वेळ दुप्पट होईल, अशी मुलांची खात्री असते. ती मोडते आणि चौपट लांबीला वेळ दुप्पट होतो, हे तक्त्यात दिसते. वर्गमूळ शिकलेली मुले इथे चपापतात. ज्यांनी ते शिकलेले नाही, त्यांनाही ‘फोर टाइम्स द लेंग्थ, ट्वाइस द टाइम’ म्हणता येते, आणि हे वाक्य विज्ञान म्हणूनही बरोबर असते.

तक्ता पुरा झाल्यावर बोलण्याची पाळी येते. पहिली वाक्ये तुटक असतात : ‘धिस वन फास्ट, दॅट वन स्लो.’ त्यांना हसायचे नाही आणि लगेच दुरुस्तही करायचे नाही, कारण बोट दाखवून बोलणाऱ्याला एवढी भाषा पुरते. मग शिक्षक गटाला दुसऱ्या खोलीत पाठवतात किंवा वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभे करतात आणि ज्यांनी हा प्रयोग पाहिला नाही त्यांना सांगायला लावतात. आता ‘धिस’ आणि ‘दॅट’ चालत नाही. ‘द पेंड्युलम विथ द शॉर्ट स्ट्रिंग’ म्हणावे लागते. शेवटी लिहायचे असते, तेव्हा वाचणारा समोर नसतो, म्हणून वाक्य आणखी बांधेसूद करावे लागते. ऑस्ट्रेलियातल्या पॉलीन गिबन्स यांनी परभाषेतून शिकणाऱ्या मुलांच्या विज्ञान वर्गांत हाच प्रवास बारकाईने टिपला आहे : गटातल्या बोलण्यापासून निवेदनाकडे आणि निवेदनापासून लेखनाकडे. ऐकणारा जसजसा दूर जातो तसतशी भाषा पुस्तकाच्या जवळ येते. सेमी-इंग्रजी वर्गात हा क्रम नेमका उलटा असतो, आधी पुस्तक आणि बोलणे जमले तर शेवटी.

याच टप्प्यावर एक मोलाची गोष्ट घडू शकते. मुले लिहितात, ‘द शॉर्टर पेंड्युलम इज फास्टर.’ इंग्रजीचा शिक्षक या वाक्याला बरोबरची खूण करील, व्याकरणात खोट नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र थांबायला हवे. दोन्ही लंबक सारख्याच कोनातून सोडले तर सर्वांत खालच्या बिंदूतून जाताना लांब लंबकाच्या नटाचा वेग जास्त असतो. त्याला अंतरही जास्त कापायचे असते, म्हणून झोक्याला वेळ जास्त लागतो. तेव्हा ‘फास्टर’ म्हणणे चूक, ‘टेक्स लेस टाइम’ म्हणणे बरोबर. मराठीत विचारले तर मुले हा फरक पटकन पकडतात, कारण ‘लवकर येतो’ आणि ‘जोरात जातो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना बोलीतूनच ठाऊक असते. इथे भाषेची दुरुस्ती आणि विज्ञानाची दुरुस्ती एकच होऊन जाते. विज्ञान व इंग्रजी एकत्र शिकवण्याचे समर्थन करायला अशा प्रसंगाहून वजनदार दाखला नाही.

मराठीचे स्थानही यातून ठरते. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलल्यास दंड, अशी शिस्त काही शाळांत असते. या पद्धतीत ती घातक आहे. वेल्समध्ये वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकणाऱ्या मुलांसाठी केन विल्यम्स यांनी १९९०च्या दशकात जी रीत मांडली तिच्यात माहिती एका भाषेत घ्यायची आणि मांडायची दुसऱ्या भाषेत. मूल अर्थ कळल्याशिवाय हे करू शकत नाही, त्यामुळे पाठांतराची वाटच बंद होते. लंबकाच्या कार्यशाळेत वाद मराठीत, तक्ता इंग्रजीत, अहवालाचा कच्चा मसुदा दोन्हींच्या मिश्रणात आणि पक्का मसुदा इंग्रजीत, अशी वाटणी सोयीची पडते. कृतिपत्रिका दोन रकान्यांची ठेवली तरी चालते. एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी शेजारीशेजारी छापण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ हे वृत्तपत्र १८३२ मध्ये असेच निघाले, आणि ते काढणारे पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान-गणिताचे अध्यापक झाले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विज्ञान आणि गणितासाठी द्विभाषिक पुस्तके व साहित्य तयार करण्याचा उल्लेख आहे.

साहित्याचा खर्च ही फार मोठी अडचण नाही. दोरा, नट, सेल, टॉर्चचा बल्ब, लोहचुंबक, लिंबू, हळद, फुगे, प्लॅस्टिकच्या बाटल्या एवढ्यावर सहावी ते आठवीच्या डझनभर कार्यशाळा होतात. वेळ मात्र लागतो. ३५ मिनिटांच्या तासिकेत अंदाज, प्रयोग, तक्ता आणि लेखन बसत नाही, म्हणून वेळापत्रकात विज्ञान आणि इंग्रजीच्या तासिका सलग ठेवाव्या लागतात. हे मुख्याध्यापकांच्या हातात आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

खरा प्रश्न शिक्षकांचा. विज्ञानाच्या शिक्षकाला आपल्या इंग्रजीचा संकोच असतो आणि इंग्रजीच्या शिक्षकाला प्रयोगाची धास्ती. दोघांनी मिळून तयारी केली तर दोन्ही सुटतात. आदल्या दिवशी प्रयोग स्वतः करून पाहायचा, त्यात लागणारी वाक्ये कागदावर काढायची, कोणते वाक्य मुलांकडून बोलण्यात हवे आणि कोणते लिहिण्यात हवे ते ठरवायचे. ही यादी वीस-पंचवीस वाक्यांच्या वर जात नाही. उच्चार तंतोतंत नसले तरी बिघडत नाही. चुकीची सूचना दिली तर मुलांचा प्रयोग चुकतो आणि ती चूक तिथेच उघडी पडते, हे पुस्तकी पाठात होत नाही. लहान गावातल्या शाळेत दोन्ही विषय एकाच शिक्षकाकडे असतात. बाहेरून ती अडचण वाटते, पण या पद्धतीसाठी ती सोय आहे.

मूल्यमापनात दोन विषयांची गुणपत्रिका वेगळी ठेवणे आवश्यक आहे. निरीक्षण अचूक, निष्कर्ष बरोबर आणि वाक्य मोडके असेल तर विज्ञानाचे गुण पूर्ण द्यायचे. नाहीतर इंग्रजीत कच्चे असलेले मूल विज्ञानातही कच्चे ठरते, आणि बहुधा ते गरीब घरातले असते. उलट, सुबक इंग्रजीत लिहिलेला, पण तक्त्याशी न जुळणारा निष्कर्ष विज्ञानात नापासच. तोंडी परीक्षेत मुलाच्या हातात साहित्य द्यावे आणि करत करत बोलू द्यावे. कोरे बोलायला लावले की भीतीने शब्द अडतात.

सगळा अभ्यासक्रम असा शिकवता येत नाही, हेही मान्य करायला हवे. अणूची रचना, उत्क्रांती, सूर्यमालेतली अंतरे ही टेबलावर मांडता येत नाहीत. तिथे प्रतिकृती, चित्रे आणि गोष्टीरूप वर्णन यांचा आधार घ्यावा लागतो आणि मराठीचे प्रमाणही वाढवावे लागते. ज्या प्रकरणांत मोजता, जोडता, ढवळता किंवा वाढवता येते, म्हणजे गती, उष्णता, विद्युत मंडल, आम्ल व आम्लारी, अंकुरण, प्रकाशाचे परावर्तन, तिथून सुरुवात करावी. एका शालेय सत्रात अशा चार-पाच कार्यशाळा झाल्या तरी मुलांकडे तुलनेची, कारणाची आणि अटीची इंग्रजी वाक्ये तयार असतात, आणि उरलेली प्रकरणे पुस्तकातून वाचताना तीच वाक्ये त्यांना पुन्हा पुन्हा भेटतात.